गोजिरा ते बूस्का

राक्षस म्हटला की आपल्या मनात प्रथम उभा राहतो तो गाडाभर अन्नासह माणूसही फस्त करणारा बकासुर. त्याचा शेवट ठरलेला: भीमाने यावे आणि त्याला लोळवावे. घटोत्कचासारखा अपवाद सोडला तर राक्षसाला घरातला मानावे, जेवू घालावे आणि तो निघाला असता मुलांनी डोळ्यांत पाणी आणावे, ही कल्पना आपल्या कथापरंपरेत विरळाच. जपानमध्ये ती विसाव्या शतकात रुजली. आणि नवल असे की, ज्या हातांनी जगाला महाभयंकर राक्षस दाखविला, त्याच हातांनी ती रुजविली.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी येथे हायड्रोजन बॉम्बचा स्फोट केला. त्याची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. नौकेवरचे तेवीसही जण किरणोत्साराने आजारी झाले आणि त्यांच्यातील बिनतारी संदेश पाठविणारा सप्टेंबरात मरण पावला. हिरोशिमाच्या जखमेला तेव्हा नऊच वर्षे झाली होती. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ‘गोजिरा’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. ‘गोरिला’ आणि ‘कुजिरा’ म्हणजे देवमासा, या दोन शब्दांच्या संधीतून हे नाव घडले. मराठी कानाला ते लाडके वाटेल. प्रत्यक्षात मात्र तो अणुस्फोटाने जागा झालेला, तोकियो शहर तुडवीत जाणारा काळच होता. दिग्दर्शन इशिरो होंडा यांचे. दृश्यांची किमया एइजी त्सुबुराया यांची. माणसाला राक्षसाचा जड पोशाख चढवावा आणि लहानशा कृत्रिम नगरातून चालवावे, ही त्यांची युक्ती.

बारा वर्षे लोटली. त्सुबुरायांनी १९६३ साली स्वतःची संस्था काढली होती. १९६६ च्या जुलैत त्यांचा ‘अल्ट्रामॅन’ दूरचित्रवाणीवर राक्षसांशी झुंजू लागला, आणि ९ नोव्हेंबर १९६६ पासून याच संस्थेची ‘काइजू बूस्का’ ही कृष्णधवल मालिका सुरू झाली. ‘काइजू’ म्हणजे राक्षसी प्राणी. दाइसाकू नावाच्या संशोधक वृत्तीच्या मुलाने पाळलेली घोरपडीसारखी दिसणारी इग्वाना त्यानेच तयार केलेले अन्न खाऊन वाढते आणि बूस्का होते. अंगी अचाट बळ, पण मन बालकाचे. रामेन नावाच्या शेवयांवर जीव. आनंद झाला की एक ठरावीक उद्गार, खट्टू झाला की दुसरा. युक्ती जुनीच, पोशाखातल्या माणसाची. परंतु आतला भाव पार पालटला होता. नगर तुडविणारे पाऊल आता घराच्या उंबरठ्याशी अडखळत होते.

हे परिवर्तन का झाले? मला वाटते, एक कारण त्या पेटीतच आहे. चित्रपटगृहात राक्षसाला भेटायला आपण जातो. दूरचित्रवाणीतून तो आपल्या घरी येतो, आणि घरी येणाऱ्याला पाहुण्याची रीत पाळावी लागते. दुसरे असे की, १९६६ सालची मुले युद्धानंतर जन्मली होती. त्यांच्या वडिलांनी आगीचे लोळ पाहिले होते. मुलांना त्या भयाचा वारसा न देता वडील पिढीला काही निराळे द्यावयाचे होते.

तरीही या मालिकेने मुलांना केवळ हसविले नाही. २७ सप्टेंबर १९६७ रोजी सत्तेचाळिसाव्या भागात बूस्का आपल्या चामेगोन या सोबत्यासह अंतराळयानातून निघून जातो. यानातले वीस दिवस म्हणजे पृथ्वीवरची वीस वर्षे. नागराजाच्या महालातून परतल्यावर शतके उलटलेली पाहणाऱ्या उराशिमा या कोळ्याची कथा जपानी मुलांना पाठच असते. रेवतीला वर विचारण्यासाठी ब्रह्मलोकी गेलेल्या ककुद्मी राजाला परतल्यावर युगे सरलेली आढळली, हे आपलेही पुराण सांगतेच.

नोकरीनिमित्त परमुलखात राहिलेल्या वाचकाला हे गणित समजावून सांगावयास नको. आपल्या हिशेबी एक बदली होते. रजेवर घरी यावे, तो रांगते सोडलेले मूल दारात उभे राहून ‘कोण पाहिजे?’ म्हणून विचारते.

त्सुबुराया १९७० च्या जानेवारीत वारले. बूस्काला निरोप देताना जे मूल आठ वर्षांचे होते, ते १९८७ साली, त्याच्या परतीच्या वर्षी, अठ्ठावीस वर्षांचे झाले होते. कदाचित त्याच्या मांडीवर स्वतःचे मूलही असेल.