देवाचा दिवस आणि सेवेचा हक्क

विठ्ठल मूळचा कानडा की मराठी, हा वाद पंडितांनी चालवावा. माझे आयुष्य कामगारांत गेले. जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयांत आणि सभांतून. म्हणून पंढरपूरच्या देवळात शिरताना मला पहिला प्रश्न सुचतो तो असा : येथे काम कोण करतो, आणि त्या कामावर हक्क कोणाचा?

देवाचा दिवस माणसाच्या दिवसासारखाच असतो. पहाटे काकडआरतीने त्याला जागवतात. मग नित्यपूजा, दुपारी महानैवेद्य, तिसऱ्या प्रहरी पोशाख, सांजेला धूपारती आणि रात्री शेजारती. ही सेवा पिढ्यान् पिढ्या सात घराण्यांच्या सेवाधाऱ्यांत वाटलेली होती. पुजाऱ्याने पूजा करावी, बेणाऱ्याने मंत्र म्हणावेत, परिचारकाने पाणी आणावे, हरिदासाने पदे गावीत, डिंगऱ्याने आरसा दाखवावा, दिवट्याने दिवटी धरावी, डांग्याने चोपदारी करावी. या सर्वांवर बडवे. आणि रुक्मिणीमातेकडे उत्पात.

कामाची वाटणी वाईट नव्हे; वाटणीवाचून कोणतेही मोठे काम चालत नाही. परंतु येथे काम वंशाला चिकटले आणि सेवेची मालमत्ता झाली. देवापुढे येणाऱ्या उत्पन्नाचे हिस्से पडले, लिलाव झाले, हिश्श्यांवरून घराणी कोर्टात भांडली. ज्याच्या घामाच्या पैशावर हे सारे चाले, तो वारकरी मात्र दाराशी हात जोडून उभा!

त्याच वारकऱ्याची ताकद पाहावयाची असेल तर आषाढी-कार्तिकीला पाहावी. वारीपूर्वी शुभ दिवस पाहून देवाचा पलंग काढतात. त्यानंतर काकडआरती नाही, पोशाख नाही, शेजारती नाही. नित्यपूजा व नैवेद्य एवढे सोडले तर देव अहोरात्र दर्शनाला उभा. पाठीशी टेकायला एक लोड ठेवतात, इतकेच. मंदिराचे नेहमीचे वेळापत्रक लोकांच्या गर्दीपुढे बाजूला सरते. वारी उलटली म्हणजे प्रक्षाळपूजा होते. शिणलेल्या देवाला ऊन पाण्याने स्नान घालतात, रात्री औषधी काढा देतात आणि पलंग पुन्हा येतो. अखंड राबणाऱ्याला विसावा दिला पाहिजे, हे आपल्या लोकांना कोणत्याही कायद्याने शिकविलेले नाही.

पण याच लोकांतील काहींना दाराच्या आत पाऊल टाकण्यासही बंदी होती. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी आहे. मंगळवेढ्यास कुसाचे काम चालू असता भिंत कोसळून त्यांना मृत्यू आला, असे परंपरा सांगते. गावाची भिंत बांधणारा हात देवाच्या उंबऱ्याला चालत नव्हता! हे दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी गावोगाव हिंडून लोकमत जागविले आणि 1 मे 1947 रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. दहा दिवसांत मंदिर हरिजनांना खुले करण्याचा निर्णय झाला.

दर्शनाचा हक्क मिळाला. सेवेच्या हक्काला मात्र आणखी कितीतरी वर्षे लागली. 1973 च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने वंशपरंपरागत हक्क रद्द केले. त्यावर खटले लांबले. अखेर जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पातांचा दावा फेटाळला. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांसाठी अर्ज मागविले, ते सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून. जी सेवा जन्माने मिळे, ती योग्यतेने मिळू शकते, हे मान्य झाले. माझ्या लेखी याचे मोल एखाद्या मोठ्या संपाच्या विजयाहून कमी नाही.

मित्रहो, हक्क तुटले म्हणून प्रश्न संपत नाही. मालकी गेली की नोकरी येते, आणि नोकरी आली की वेतन, पाळी व विसावा यांचे प्रश्न तिच्या पाठोपाठ येतातच. शिवाय सेवेकरी काय फक्त गाभाऱ्यातच असतात? वारी गेल्यावर चंद्रभागेचे वाळवंट झाडणारा, लाखोंची घाण उपसणारा सफाई कामगार सात सेवाधाऱ्यांच्या यादीत कधीच नव्हता. त्याच्यावाचून पुढली एकादशी मात्र उजाडत नाही. देवाला प्रक्षाळ आहे, ऊन पाणी आहे, काढा आहे. त्या कामगाराला काय आहे, याचा हिशेब आपण नगरवासीयांनी द्यावयाचा आहे.