महाकाय तारे

जन्मतः ज्यांचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ८ पट किंवा त्याहून अधिक असते, असे तारे. संख्येने ते मोजकेच असले तरी दीर्घिकांची जडणघडण त्यांच्यावाचून समजत नाही.

इंधनाचा साठा मोठा, पण खर्च त्याहून कितीतरी मोठा, म्हणून त्यांचे आयुष्य तोकडे असते. सूर्याच्या गाभ्यातला हायड्रोजन सुमारे १,००० कोटी वर्षे पुरतो. २५ पट वस्तुमानाच्या ताऱ्यात तो जेमतेम ७० लाख वर्षांत संपतो. पुढे घाई वाढतच जाते. कार्बन काही शतके, ऑक्सिजन काही महिने, तर सिलिकॉन एखादाच दिवस टिकते. त्यातून तयार होणाऱ्या लोहाच्या संमीलनाने ऊर्जा मिळत नाही. लोहाचा गाभा चंद्रशेखर मर्यादा ओलांडताच सेकंदाच्या आत कोसळतो. मागे न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर उरते आणि बाहेरचे थर बहुधा अतिनवताऱ्याच्या स्फोटात उधळले जातात.

२३ फेब्रुवारी १९८७ रोजी याचा पडताळा आला. सुमारे १ लाख ६५ हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या मोठ्या मॅगेलन मेघातील स्फोटाचे न्यूट्रिनो जपान, अमेरिका आणि सोव्हिएत संघातील भूमिगत उपकरणांनी टिपले. सारे मिळून दोन डझनांच्या आसपास, तेही काही सेकंदांत. गाभ्यातून ते थेट निसटतात. प्रकाशाला मात्र धक्कातरंग पृष्ठभागी येईपर्यंत थांबावे लागते, म्हणून तो काही तास मागाहून आला. चिलीतील लास कॅम्पानास वेधशाळेत इयन शेल्टन यांना तो छायाचित्रात दिसला, तर ऑस्कर दुहाल्दे यांना नुसत्या डोळ्यांनी. फुटलेला तारा तांबडा नव्हे, निळा महाराक्षसी निघाला, हे अनपेक्षित होते. तरीही गाभा कोसळण्याचा सिद्धान्त कसोटीला उतरला, ही विसाव्या शतकातील खगोलशास्त्राची थोर कमाई म्हटली पाहिजे. २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून तेथे न्यूट्रॉन तारा असल्याच्या खुणाही मिळाल्या.

हयातीतही हे तारे परिसर ढवळून काढतात. मृग नक्षत्रातील तेजोमेघ प्रामुख्याने एकाच उष्ण ताऱ्याच्या अतिनील किरणांनी उजळलेला आहे. अशा ताऱ्यांचे किरण आणि वारे भोवतालचा वायू कुठे विखुरतात, तर कुठे दाबून नव्या ताऱ्यांना जन्म देतात. विश्वातला जवळजवळ सर्व ऑक्सिजन, म्हणजे आपल्या श्वासातला आणि पाण्यातलाही, त्यांच्याच पोटात शिजला. त्यांचे अवशेषही निष्क्रिय नसतात: ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाच्या गुरुत्वीय लहरी सापडल्या आणि पाठोपाठच्या प्रकाशात जड मूलद्रव्ये घडत असल्याचा पुरावा मिळाला.