ॲमिनोइमिडॅझोल कारबॉक्झामाइड रिबोटाइड

प्युरीन न्यूक्लिओटाइडांच्या जैव संश्लेषणातील, इनोसिनिक अम्लाच्या दोन पायऱ्या अलीकडचे मध्यस्थ संयुग. ‘आयकार’ हे त्याचे संक्षिप्त नाव. त्याच्या रेणूत पाच अणूंचे इमिडॅझोल वलय पूर्ण झालेले असते, प्युरिनाचे सहा अणूंचे वलय मिटण्यास एकच कार्बन अणू (क्र. २) उणा असतो. या उणिवेमुळेच त्याचा शोध लागला.

सल्फा औषधाने वाढ रोखलेल्या एश्चेरिकिया कोलाय या सूक्ष्मजंतूच्या संवर्धात एक अमाइन साठते, असे मार्जरी स्टेटन व चार्ल्स फॉक्स यांना १९४५ मध्ये आढळले. ते डायाझो विक्रियेने ओळखता येई. सल्फा औषधांच्या मापनासाठीही हीच विक्रिया रूढ होती. १९४७ मध्ये टेक्सस विद्यापीठातील विल्यम शाइव्ह व त्यांचे सहकारी यांनी त्याची संरचना निश्चित केली आणि ते प्युरिनाचे पूर्वगामी असावे असे सुचविले. सल्फा औषधे सूक्ष्मजंतूतील फॉलिक अम्लाची निर्मिती रोखतात व उणा कार्बन फॉर्मिल गटाच्या रूपाने पुरविणारे द्रव्य फॉलिक अम्लाचेच अनुजात असते, त्यामुळे काम नेमके येथे अडते.

तथापि साठलेला पदार्थ निर्मितिमार्गावरचाच असतो असे नाही. निर्णय झाला तो कबुतरांवरील प्रयोगांनी. पक्षी नायट्रोजन यूरिक अम्लाच्या, म्हणजे एका प्युरिनाच्या, रूपाने उत्सर्जित करतात. शिवाय कबुतराच्या यकृतात झँथीन ऑक्सिडेज हे एंझाइम नसल्याने तेथे हायपोझँथीन साठते. प्रयोगास याहून सोयीचा प्राणी क्वचितच मिळाला असता. जॉन ब्यूकॅनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ नंतर समस्थानिकांनी चिन्हित केलेली द्रव्ये देऊन प्युरिनाचे अणू कोठून येतात ते शोधले : ग्लायसीन ४ व ५ क्रमांकांचे कार्बन व ७ क्रमांकाचा नायट्रोजन देते, कार्बन डाय-ऑक्साइड ६ क्रमांकाचा कार्बन, तर फॉर्मेट २ व ८ क्रमांकांचे. प्राण्यांना दिलेले मुक्त कारबॉक्झामाइडही प्युरिनात समाविष्ट होत असल्याने तेच खरे मध्यस्थ असा समज झाला होता. परंतु यकृताच्या अर्कात मुक्त प्युरीन नव्हे, तर इनोसिनिक अम्ल आधी तयार होते, असे जी. आर. ग्रीनबर्ग यांनी १९५१ मध्ये दाखविले. वलय आरंभापासूनच रिबोज फॉस्फेटावर रचले जाते. मुक्त क्षारकास मात्र वेगळ्या एंझाइमामार्फत रिबोज फॉस्फेट जोडून घेऊन या मार्गात यावे लागते. संवर्धात सापडले होते ते खऱ्या मध्यस्थाचे अवशेष होते.

सूक्ष्मजंतूंत हिस्टिडीन या ॲमिनो अम्लाच्या निर्मितीतही आयकार उपपदार्थ म्हणून मिळते. रचनेने ॲडेनिलिक अम्लाशी साम्य असल्याने ते कोशिकेतील ऊर्जेच्या टंचाईची दखल घेणाऱ्या एएमपीके या एंझाइमास चेतविते. या गुणामुळे त्याचे रिबोसाइड १९९० नंतरच्या चयापचय-संशोधनात विपुल वापरले गेले.