आंबिल ओढ्याची कैफियत

“सर, ओढा म्हणजे गटारच ना?” वर्गातल्या एका मुलाने परवा मला विचारले. पुण्यातल्या आंबिल ओढ्याच्या काठी राहणारा तो पोर! जन्मल्यापासून त्याने ओढा काळाच पाहिलेला. त्याचे काय चुकले? पण प्रश्न मनाला लागला. म्हणून वाचकहो, ओढ्याची ही कैफियत.

आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावून मुठेला मिळतो. पूर्वी तो जुन्या वस्तीच्या अंगाने वाहत असे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७५० च्या सुमारास, पर्वतीजवळ बांध घालून त्याला पश्चिमेकडे वळवले. तेथे तळे झाले. त्याच सुमारास कात्रजला दोन तळी बांधून पाणी नळाने शनिवारवाड्यापर्यंत व शहरातल्या हौदांत आणले. वरच्या तळ्यात गाळ बसे, निवळलेले पाणी खालच्या तळ्यात येई. डोंगरावरून पाण्याबरोबर माती येणारच, हे त्या कारागिरांनी आधीच धरले होते.

डोंगर काळ्या कातळाचा, त्यावर मुरूम आणि वर वीतभर माती. तीवर गवत असले की पाऊस मुळांच्या वाटेने खाली उतरतो आणि कातळाच्या भेगांतून सावकाश झिरपत ओढ्याला मिळतो. पावसाळा सरल्यावर ओढा वाहतो तो या ठेवीवर. सखल भागातल्या काळ्या मातीचा स्वभाव निराळा. उन्हाळ्यात ती भेगाळते, पहिला पाऊस घटाघटा पिते. एकदा फुगली की भेगा मिटतात आणि पुढचे पाणी वरूनच वाहून जाते. तेव्हा उतारावरचे गवत हेच ओढ्याचे खरे धरण!

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहर दक्षिणेकडे सरकले. धनकवडी, कात्रज ही खेडी त्यात विरून गेली. उतार खोदले गेले, शेतांच्या जागी इमारती आल्या. छपरांवरचे नि डांबरावरचे पाणी जिरणार कोठे? जे महिनोन्महिने झिरपत यायचे, ते घटकाभरात धावून येऊ लागले. खोदलेली माती पात्रात साचली, काठ आवळले गेले, आणि उन्हाळ्यात झऱ्यांच्या जागी सांडपाणी उरले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काही तासांच्या पावसात ओढा काठच्या घरांत शिरला. त्या पावसाने पुणे व परिसरात विसाहून अधिक माणसे नेली. लोक म्हणाले, ओढा कोपला. ओढा कशाला कोपेल? आपण डोंगरावर जे केले, ते त्याने दाराशी आणून ठेवले, एवढेच.

यंदा त्या मुलाने अंगणात किल्ला केला. एका उतारावर हळीव उगवले होते, दुसरा उघडाच राहिला होता. मी दोन्हींवर तांब्याभर पाणी ओतायला सांगितले. हिरव्या उताराखाली पाणी थोडे नि बरेचसे स्वच्छ आले. उघड्या उताराने मावळ्यांसकट चिखल खाली आणला.

पोर कितीतरी वेळ बघत राहिला. मग मावळे धुऊन घेतले आणि उघड्या उतारावर हळीव पेरू लागला.