ओझोनचं भोक आणि यावलचं ऊन

मागच्या मे महिन्यात यावलला मामांकडे गेलो होतो. दुपारचे दोन वाजलेले, पारा पंचेचाळीसच्या पुढे, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मामा केळीच्या बागेतून आले, डोक्याचा रुमाल सोडून घाम पुसला आणि निकाल देऊन टाकला, "अरे बापा, त्या ओझोनले भोक पडलं ना, त्याच्यातून हे ऊन येऊ राह्यलं."

मी हसलो नाही. कारण हेच वाक्य मी पुण्यात आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्येही ऐकलंय, तेही इंजिनियर लोकांकडून. छपराला भोक पडलं, ऊन आत आलं, घर तापलं. इतकं सोपं चित्र कोणाला पटणार नाही?

मुद्दा एवढाच की ते चूक आहे. पण चूक असूनही मामांचा बाण लक्ष्याच्या फार जवळून गेला. तो किती जवळून गेला हे बघायला गेलो आणि दोन-तीन वीकएंड त्यातच गेले. त्यात मामांचा जुना फ्रिज मध्ये आला. तर मंडळी, आज तीच गोष्ट.

आधी चूक कुठे ते सांगतो. ओझोनचा थर जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर असतो आणि तो सूर्याचे अतिनील किरण अडवतो. अतिनील किरणांनी कातडी भाजते, मोतीबिंदू होतो, त्वचेचा कॅन्सर होतो. पण सूर्याकडून येणाऱ्या एकूण ऊर्जेत त्यांचा वाटा फारच थोडा. त्यामुळे थर विरळ झाला म्हणून यावलचा पारा चढत नाही. उलट ओझोन स्वतःच एक उष्णता धरून ठेवणारा वायू आहे, तो वरच्या थरात कमी झाला की जमिनीवर परिणाम झालाच तर किंचित थंडावा देणारा होतो! शिवाय ते प्रसिद्ध भोक अंटार्क्टिकावर आहे. आपल्या पट्ट्यात ओझोन मुळातच थोडा पातळ असतो, आणि तो फारसा कमी झालेला नाही.

हे इतक्या खात्रीने म्हणता येतं, कारण ते मोजणारी माणसं आपल्याकडे होती. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसवरून आपण रोज सिग्नलला शिव्या घालत जातो. हवामान खात्याच्या पुण्यातल्या उपकरण विभागात १९४८ साली अ‍ॅना मणी नावाच्या बाई रुजू झाल्या. केरळच्या, सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली संशोधन केलेल्या. १९६० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुग्याला बांधून वर सोडायचं ओझोन मोजायचं यंत्र इथेच बनवलं. तेव्हा 'ओझोनचं भोक' हा शब्द जन्मालाही आला नव्हता. कोणाला कशासाठी लागेल हे माहीत नसताना वर्षानुवर्षं आकडे लिहून ठेवणं... आमच्याकडे लोक लॉगसुद्धा नीट लिहीत नाहीत. असो.

आता फ्रिज.

मामांकडे फ्रिज आला तो १९८० च्या दशकाच्या शेवटी. १६५ लिटरचा, एका दाराचा. गल्लीतला पहिलाच, त्यामुळे संध्याकाळी अर्धी गल्ली बर्फ मागायला यायची. दोन-तीन उन्हाळ्यांनी त्याचं गार होणं बंद झालं. भुसावळहून मेकॅनिक आला. मी शेजारी उकिडवा बसून बघत होतो. त्याने मागची तांब्याची नळी कापली, 'फुस्स' आवाज आला, आणि उरलासुरला गॅस गेला. ना रंग, ना वास. मग नवा गॅस भरला, पैसे घेतले आणि गेला. त्या वेळी सगळेच मेकॅनिक हेच करत. गॅस परत गोळा करायचा असतो हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

तो गॅस म्हणजे आर-१२, सीएफसी घराण्यातला. १९३० च्या आधी फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले प्रकार असत. गळती झाली की माणसं मरत. टॉमस मिजली या अमेरिकन इंजिनियरने १९२८ च्या सुमारास हा नवा वायू शोधला, आणि १९३० साली भर सभेत तो छातीत भरून घेऊन मेणबत्तीवर फुंकला. माणूस मेला नाही आणि मेणबत्ती विझली. म्हणजे विषारी नाही, ज्वालाग्राहीही नाही. पेट्रोलमध्ये शिसं घालायची कल्पनाही याच गृहस्थांची. एकाच डेव्हलपरने प्रॉडक्शनमध्ये दोन जागतिक बग सोडल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही :-)

सीएफसीचा गुण हाच त्याचा दोष ठरला. तो कशाशीच रासायनिक क्रिया करत नाही, त्यामुळे खाली कुठे नष्टही होत नाही. हळूहळू वर जातो, तिथे अतिनील किरण त्याला फोडतात आणि क्लोरीन सुटा होतो. क्लोरीनचा एक अणू ओझोनचे लाखभर रेणू मोडू शकतो. हे गणित मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडलं. कंपन्यांनी अर्थातच खिल्ली उडवली. १९८५ मध्ये ब्रिटिशांच्या अंटार्क्टिकावरच्या हॅली केंद्रातून फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी भोकाची बातमी दिली, तीही जमिनीवरच्या जुन्या पद्धतीच्या यंत्राच्या जोरावर. नासाचा उपग्रह तोच भाग वरून बघत होता, पण तिथल्या प्रोग्रॅममध्ये १८० युनिटच्या खालचे आकडे 'संशयास्पद' म्हणून बाजूला काढायची सोय होती. आकडे खरे होते, संशय खोटा होता. व्हॅलिडेशन लिहिताना मला हा किस्सा दर वेळी आठवतो.

इथपर्यंतचं बऱ्याच जणांना माहीत असतं. मला माहीत नव्हतं ते पुढचं.

१९६० च्या दशकात वीरभद्रन रामनाथन नावाचा तरुण इंजिनियर सिकंदराबादच्या एका फ्रिजच्या कंपनीत नोकरी करत होता. काम काय, तर फ्रिजमधून गॅस का गळतो ते शोधायचं. कंटाळून त्याने नोकरी सोडली, बंगलोरला शिकला, मग अमेरिकेला गेला. मोलिना-रोलंड यांचा निबंध गाजत होता तेव्हा तो नासात होता. हा वायू ओझोनचं काय करतो हे सगळे बघत होते. याने विचारलं, हा वायू उष्णतेचं काय करतो? १९७५ च्या त्याच्या निबंधाने उत्तर दिलं की उष्णता अडवण्यात सीएफसीचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार रेणूंना भारी पडतो.

कसं काय? आमच्या खान्देशातली जुनी धाब्याची घरं आठवा. मातीचं सपाट छप्पर, आणि धूर-वाफ जायला त्याला ठेवलेलं एक भोक. सानं म्हणतात त्याला. पृथ्वी दिवसा तापते आणि ती उष्णता परत आकाशात टाकते. वाटेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्यातली बरीचशी अडवतात, पण ८ ते १२ मायक्रॉन तरंगलांबीचा एक पट्टा जवळजवळ मोकळा असतो. ते पृथ्वीचं सानं. सीएफसी नेमका त्याच पट्ट्यात उष्णता शोषतो. म्हणजे मामा म्हणतात तसं भोक पडून घर तापलं नाही, जे भोक हवं होतं तेच बुजायला लागलं. आणि दोन्ही कामं करणारा वायू एकच.

सवयीने हिशोब मांडला. आर-१२ चा १ किलो शंभर वर्षांच्या हिशोबाने साधारण १०,९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो. मामांच्या फ्रिजमधून १०० ग्रॅम गेला असं धरू. म्हणजे सुमारे १,१०० किलो. १ लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो निघतो, म्हणजे हे झालं पावणेपाचशे लिटर पेट्रोल. पन्नासचं अ‍ॅव्हरेज देणारी बाइक त्यावर पुणे-यावल-पुणे अठ्ठावीस फेऱ्या करेल. सगळं त्या एका 'फुस्स'मध्ये.

१६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियल करार झाला. भारत लगेच आत गेला नाही, आणि मला विचाराल तर बरोबर केलं. ज्यांनी पन्नास वर्षं फवारे मारले त्यांनीच आता आम्हाला बर्फ खाऊ नका सांगायचं? जून १९९० च्या लंडनच्या बैठकीत मनेका गांधी पर्यावरणमंत्री म्हणून गेल्या होत्या. भारत आणि चीन अडून बसले, तंत्रज्ञान बदलायचे पैसे द्या म्हणाले. त्यातून एक निधी उभा राहिला: १६ कोटी डॉलर, आणि हे दोन देश आले तर आणखी ८ कोटी. १९ जून १९९२ ला भारत करारात आला. अशा देशांना मदत करणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या पॅरिसमधल्या ओझोनअ‍ॅक्शन विभागाचे प्रमुख पुढे बरीच वर्षं राजेंद्र शेंडे होते, आयआयटी मुंबईचे केमिकल इंजिनियर. भारतात सीएफसीचं उत्पादन ऑगस्ट २००८ मध्ये, मुदतीच्या सतरा महिने आधी थांबलं. दम्याच्या पंपांसाठी थोडी सवलत राहिली, ती नंतर संपली.

पण सीएफसीच्या जागी काय घालायचं? इथे रस्ते फुटले. बहुतेकांनी एचएफसी घेतला, म्हणजे फ्रिजमध्ये आर-१३४ए. त्यात क्लोरीन नाही, म्हणून ओझोन सुखरूप. पण उष्णता अडवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पट. एक बग फिक्स केला, दुसरा तसाच ठेवला, आणि रिलीज नोटमध्ये 'फिक्स्ड' लिहिलं. दुसरा रस्ता जर्मनीत ग्रीनपीसने एका बुडत्या पूर्व जर्मन कारखान्याला हाताशी धरून दाखवला: साधा आयसोब्युटेन वापरा. १९९३ मध्ये तसे फ्रिज बाजारात आले. आपल्याकडे विक्रोळीच्या गोदरेजने स्विस-जर्मन मदतीच्या 'इकोफ्रिज' प्रकल्पात हाच रस्ता धरला, आणि २०१२ मध्ये प्रोपेनवर चालणारे एसीही काढले. तापवण्याचा आकडा एक अंकी. लोकांना भीती एकच, पेट घेईल. फ्रिजमध्ये हा गॅस जेमतेम ५०-६० ग्रॅम असतो. त्याच स्वयंपाकघरात त्याच्याच भावंडांचं, म्हणजे प्रोपेन-ब्युटेनचं १४.२ किलोचं सिलिंडर आपण वर्षानुवर्षं ठेवतो!

आणि तरीही या अर्धवट फिक्सने केवढं काम केलं बघा. २००७ मध्ये गस वेल्डर्स आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला: ओझोनसाठी केलेल्या माँट्रियल कराराने २०१० पर्यंत हवामानाचा जेवढा बचाव होणार होता, तो खास हवामानासाठी केलेल्या क्योटो कराराच्या पहिल्या टप्प्याच्या उद्दिष्टाच्या पाच ते सहा पट होता. हवामान ज्यांच्या अजेंड्यावर मुख्य नव्हतंच, त्यांनी ते जास्त वाचवलं. याचं कारण मला तरी असं दिसतं की तिथे बदलायचे वायू मोजके होते, बनवणारे कारखाने मोजके होते आणि पैशाची गोष्ट आधीच बोलून झाली होती. कोळशाचं तसं नाही.

एचएफसीचा उरलेला बग ऑक्टोबर २०१६ मध्ये किगालीला हातात घेतला गेला. भारताने ती दुरुस्ती सप्टेंबर २०२१ मध्ये मान्य केली. आपल्याला २०२८ मध्ये वापर गोठवायचा आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा आहे. मुदत लांब आहे, अगदी स्वातंत्र्याच्या शताब्दीपर्यंत. पण यावलसारख्या गावात बसून बघितलं की ती का मागितली ते कळतं. इथे उन्हाच्या झळांनी केळीचे घड सटकतात. बांधावर शेवरी लावा, हिरवी जाळी बांधा, तरी झाड होरपळतं. आणि माल चांगला निघालाच तर तो परदेशी पाठवायला १३-१४ अंशांचा थंड कंटेनर लागतो, पिकवायला थंड खोल्या लागतात. मामांच्या गल्लीत आता बऱ्याच भिंतींवर एसीचे डबे आहेत. ऊन वाढेल तसा थंडावा जास्त लागणार, आणि त्या थंडाव्यातला वायू कुठला यावर पुढचं ऊन थोडंफार ठरणार. पंचेचाळीस अंशांत बसलेल्या माणसाला एसी लावू नका म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

हे सगळं मामांना सांगितलं, अर्थात फेऱ्यांच्या हिशोबापासून सुरुवात करून. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे भोक बुजू राह्यलं?" म्हटलं, हो. शास्त्रज्ञांचा ताजा अंदाज आहे की अंटार्क्टिकावरचा थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल, बाकी जगात २०४० च्या आसपास. "आणि ऊन?" म्हटलं, ते वेगळं खातं आहे.

नव्या एसीवरचा स्टिकर वाचायला मला स्टुलावर चढवलं. आर-३२. आकडा ६७५. आर-१२ च्या मानाने फारच बरा, प्रोपेनच्या मानाने फारच वाईट.

जुना फ्रिज अजून आहे. कंप्रेसर कधीच भंगारात गेला, आता मागच्या खोलीत त्याचं कपाट झालंय. आत सातबारे, बियाणांच्या पावत्या, ठिबकचे जोड. मी सांगितलं की गॅस गेला तरी याच्या भिंतींतल्या फोममध्ये सीएफसी-११ अजून अडकलेला असणार, भंगारवाल्याला दिला की तो फोडणार आणि उरलेलाही सुटणार. तेव्हा देऊ नका.

मामांनी फ्रिजकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "इतकी काळजी हाय तर घेऊन जाय मंग तुह्या पुन्याच्या फ्लॅटात."