वेलिंग्टनचा बूट आणि वऱ्हाडची नदी

पावसाळा लागला कीं वऱ्हाडांतील बाजारपेठांत दुकानांच्या दारांशीं गुडघ्यापर्यंत पोंचणारे काळे रबरी बूट टांगलेले दिसूं लागतात. लोक त्यांस गमबूट म्हणतात. इंग्रजींत मात्र त्यांचें नांव 'वेलिंग्टन' असें भारदस्त आहे. हें नांव ज्या सेनापतीचें, तो वऱ्हाडास अपरिचित नाहीं. नदींत उतरून गळ टाकणाऱ्या माणसानें टिकाऊ असा कोणता बूट घ्यावा, हा प्रश्न साधा दिसतो. पण त्याचें उत्तर शोधावयाचें तर या नांवाच्या इतिहासापासूनच आरंभ करणें सोयीचें होय.

इ. स. १८०३ मध्यें आर्थर वेलस्ली हा इंग्रज सेनापती शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांशीं लढत होता. २९ नोव्हेंबर रोजीं आजच्या अकोला जिल्ह्यांतील अडगांव येथें त्यानें भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला आणि १५ डिसेंबर रोजीं आजच्या अमरावती जिल्ह्यांतील गाविलगड घेतला. दोनच दिवसांनीं देवगांवचा तह झाला व वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलें. हाच वेलस्ली पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ सालीं वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनविरुद्ध विजयी झाला.

वऱ्हाडांत येण्यापूर्वीं, २३ सप्टेंबर १८०३ रोजीं, आजच्या जालना जिल्ह्यांतील असईजवळ त्याला केळणा नदी ओलांडावयाची होती. वाटाड्यांनीं जवळपास उतार नसल्याचें सांगितलें. परंतु नदीच्या दोन्ही कांठांवर समोरासमोर वसलेलीं दोन गांवें वेलस्लीच्या दृष्टीस पडलीं. इतकीं जवळचीं गांवें एकमेकांशीं दळणवळण ठेवल्यावांचून राहणार नाहींत, तेव्हां मध्यें उतार असलाच पाहिजे, असा तर्क त्यानें केला व तो खरा ठरला. ज्याच्या नांवाचा बूट पुढें जगभर पाण्यांत वावरला, त्याला नदीपार नेलें तें बुटानें नव्हे. नदी पारखणाऱ्या नजरेनें. नदींत पाय घालणाऱ्या प्रत्येकानें हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

वेलिंग्टनचा मूळचा बूट तर पाण्यासाठीं नव्हताच. त्या काळीं हेसियन नांवाचे गोंडेदार उंच बूट प्रचारांत होते. लंडनच्या होबी नांवाच्या मोच्याकडून ड्यूकनें त्यांत फेरफार करवून घेतला. गोंडा गेला, कातडें मऊ वासराचें आलें आणि बूट पायाशीं अधिक घट्ट बसूं लागला. घोड्यावर बसणाऱ्या सरदारास तो सोयीचा होता. परंतु कातडें तें कातडेंच. वऱ्हाडी वहाण बाभळीच्या सालीनें कमावलेल्या कातड्याची असो, किंवा लंडनचा बूट उंची कातड्याचा असो, वारंवार भिजून वाळण्यानें दोघांचीही गत एकच होते. कातडें पाण्यानें फुगतें, उन्हांत किंवा आगीजवळ वाळवल्यास ताठरतें व चिरतें. आणि शिवणीचा सुती दोरा तर त्याही आधीं कुजतो. म्हणूनच शेतकरी ओढ्यापाशीं आला कीं वहाणा हातांत घेतो. त्यांत वहाणेचें आयुष्य राखण्याचा व्यवहार आहे.

हा व्यवहार बदलला तो रबरानें. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होई व थंडींत कडक. रबर गंधकाबरोबर तापविल्यास हा दोष जातो, हें अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयर यास १८३९ सालीं उमगलें. १८४४ सालीं त्यास त्याचा हक्क मिळाला. हायरम हचिन्सन या अमेरिकनानें १८५३ सालीं फ्रान्समध्यें शेतकऱ्यांसाठीं रबरी बुटांचा कारखाना काढला. १८५६ सालीं एडिंबरो येथें नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनी निघाली. पहिल्या महायुद्धांत खंदकांतील पाण्यानें सैनिकांचे पाय सडूं लागले, तेव्हां या कंपनीनें अकरा लाखांहून अधिक जोड पुरविले. सरदाराचें नांव धारण केलेला बूट अशा रीतीनें शिपायाच्या, आणि युद्धानंतर शेतकऱ्याच्या पायांत आला.

असा हा बूट वऱ्हाडच्या नदींत कितपत उपयोगी पडतो? येथें नदीचा तळ पाहिल्याशिवाय उत्तर देतां येत नाहीं. कारण वऱ्हाडांत नद्यांचे तळ दोन प्रकारचे आहेत. सातपुड्यांत उगम पावणारी पूर्णा अमरावती व अकोला जिल्ह्यांतून वाहत जाऊन पुढें तापीस मिळते. तिचें खोरें खोल गाळाचें असून कांठाची काळी माती ओली झाली कीं पाय धरून ठेवते. उलट मेळघाटांतील सिपना, खंडू, गडगा या नद्या काळ्या पाषाणाच्या गोट्यांवरून धांवतात, आणि त्या गोट्यांवर शेवाळ असतें.

पूर्णेच्या गाळांत सैल गमबूट रुतून बसतो आणि पाय तेवढा वर येतो. मेळघाटच्या शेवाळावर त्याचा गुळगुळीत रबरी तळ घसरतो. आणि दोन्हीकडे समान असा मोठा धोका निराळाच आहे. पाणी बुटाच्या कांठावरून आंत शिरलें कीं बूट भरतो. भरलेला बूट माणसास तळाशीं ओढून नेतो अशी समजूत आहे. ती बरोबर नाहीं, कारण पाण्यांत पाण्याचें ओझें होत नाहीं. परंतु पाऊल उचलणें जड जातें, प्रवाहाचा रेटा वाढतो आणि कांठ चढतांना तें सारें पाणी पायास लोंबकळतें. घाबरलेल्या माणसाचा घात व्हावयास एवढें पुरे. तेव्हां गमबुटाचें खरें स्थान उथळ, संथ व घाण पाण्यांत आहे. अकोल्याच्या नागरिकांनीं २०१८ सालीं मोर्णा नदीच्या स्वच्छतेची मोहीम हातीं घेतली. तशा कामांत, जेथें जलपर्णीखालीं कांच व पत्रा दडलेला असूं शकतो, तेथें तोच योग्य.

वाहत्या पाण्यांत उतरणाऱ्यास घोट्यावर बंदांनीं आवळतां येईल असा बूट हवा. त्यांत पाणी शिरणारच; म्हणून तें बाहेर जावयास बाजूंना भोंकें असावींत. अंगठ्यापुढें कडक टोपी असावी. वरचें अंग कातड्यापेक्षां न कुजणाऱ्या कृत्रिम धाग्याचें बरें, आणि तळ नुसता चिकटविलेला नसून शिवलेलाही असावा. गाळासाठीं खोल खांचांचा रबरी तळ चांगला, कारण माती त्यांत धरते व सुटतेही. शेवाळी पाषाणावर लोखंडी खिळ्यांचा, किंवा बुरणुसाचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तळ पूर्वींपासून नांवाजलेला आहे. मात्र बुरणूस ओला राहतो आणि एका नदींतील सूक्ष्म शेवाळ दुसरींत नेतो. याच कारणास्तव न्यूझीलंडनें २००८ सालीं त्यावर बंदी घातली. बूट कोणताही असो, काम संपल्यावर तो धुऊन सावलींत वाळविला तरच टिकतो. मेळघाट १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे, हेंही गळ घेऊन निघणाऱ्यानें विसरूं नये. तेथें वनखात्याचे निर्बंध पाळावेच लागतात.

पण हा सारा विचार झाला तो हौशी माणसाचा. वऱ्हाडच्या नद्यांत सर्वांत अधिक वेळ उभा राहतो तो भोई व धीवर यांचा पाय, आणि तो बहुधा अनवाणीच असतो. तो अज्ञानानें अनवाणी नाहीं. उघड्या तळव्यास गाळाची खोली व दगडाचा डळमळीतपणा तत्काळ कळतो, बोटें दगड धरतात, आणि जाळें फेकतांना तोल राहतो. बुटानें जें साधावयाचें, तें त्यानें सरावानें साधलेलें असतें. त्याची किंमतही तोच देतो. फुटक्या कांचेनें तळवा चिरतो, शिंगाळ्याचा कांटा रुततो, आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होऊन चार चार दिवस काम बुडतें.

सरदारासाठीं मऊ बूट झाला, सैनिकासाठीं लाखांनीं झाला, हौशी गळकऱ्यासाठीं बुरणुसाच्या तळाचाही झाला. ज्याचें पोट नदींत उभें राहण्यावर आहे, त्याचा पाय डोळ्यांपुढें ठेवून हलका, स्वस्त, पाणी बाहेर टाकणारा आणि बोटांना दगड धरूं देणारा बूट करावा, हें काम मागें राहिलें. मच्छीमारांच्या सहकारी संस्था जाळें व होडी यांची तरतूद करतात. त्या यादींत पायाचीही भर पडावयास हरकत नाहीं. तो बूट करणाऱ्यानें मात्र आधीं पूर्णेच्या कांठीं जाऊन अनवाणी पाय पाण्यांत कसा पडतो, तें पाहिलें पाहिजे. केळणेच्या कांठीं उतार सांपडला तोही अशा पाहण्यामुळेंच.