चुन्याची निवळी आणि समुद्र

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकले की ती दुधाळ होते. हा प्रयोग आपण वर्गात करून दाखवतो आणि बहुधा तिथेच थांबतो. फुंकत राहिलो तर मात्र ती पुन्हा नितळ होते. न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे विरघळणारे बायकार्बोनेट बनते. समुद्राचे रसायन समजायला हा दुसरा भागच अधिक उपयोगी आहे.

कोळसा व तेल जाळून हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड समुद्र सहज गिळून टाकील, असे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक शास्त्रज्ञ मानत. १९५७ साली कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेतले रॉजर रेव्हेल आणि हान्स स्यूस यांनी एका लेखात यातली अडचण दाखवली. वायू विरघळला की कार्बोनिक आम्ल बनते व हायड्रोजन आयन सुटतो. पाण्यातला कार्बोनेट आयन त्याला पकडतो आणि स्वतः बायकार्बोनेट होतो. त्यामुळे सामू फारसा ढळत नाही, पण कार्बोनेट खर्ची पडते. म्हणूनच हवेतला वायू १० टक्क्यांनी वाढला, तर समुद्राच्या वरच्या थरातला एकूण विरघळलेला कार्बन जेमतेम १ टक्क्याने वाढतो.

हे विवेचन लेखात त्रोटकच होते आणि वाचणाऱ्यांनी त्यातून हवेपुरता अर्थ घेतला. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाईच्या मौना लोआवर हवेतला वायू मोजायला सुरुवात केली. तेव्हा तो दशलक्ष भागांत सुमारे ३१५ होता. आता ४२० च्या वर आहे. हवाईजवळच्या समुद्रातील अशी नियमित मोजणी सुरू व्हायला १९८८ उजाडले, आणि ‘सागरी आम्लीकरण’ हा शब्द रूढ झाला तो २००३ नंतर.

औद्योगिक क्रांतीपूर्वी समुद्रपृष्ठाचा सामू सुमारे ८.२ होता, आता तो ८.१ च्या आसपास आहे. फरक किरकोळ वाटतो. पण सामूची मोजपट्टी लॉगरिथमची असल्याने हायड्रोजन आयन पाव पटीहून अधिक वाढले आहेत. व्हिनेगरमध्ये खडू टाकून हे समजावणे आम्हांला पटत नाही. समुद्र अजूनही आम्लारीधर्मीच आहे. शिंपले आधीच विरघळतात असे नव्हे. ते बांधायलाच कार्बोनेट अपुरे पडते.

अमेरिकेत ओरेगॉनच्या नेटार्ट्स उपसागरावरील कालवांच्या पैदास केंद्रात २००७ च्या सुमारास डिंभक मोठ्या प्रमाणावर मरू लागले. आधी संशय जीवाणूंवर गेला. खरे कारण होते वाऱ्यामुळे वर येणारे खोल समुद्राचे पाणी. ते मुळातच कार्बन डायऑक्साइडने भरलेले असते; त्यात माणसाने भर घातलेली. कालवाचा डिंभक पहिले कवच जन्मानंतर दोनेक दिवसांतच बांधतो आणि नेमके तेव्हाच कार्बोनेट तुटपुंजे पडत होते. केंद्राने येणाऱ्या पाण्याचे रसायन सतत मोजायला सुरुवात केली आणि त्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, मिसळला. डिंभक पुन्हा वाढू लागले.